संशयाचा पंखा

ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकाचा युरोपातला लांबचा नातलग म्हणा ना! फरक एवढाच, की तिथे बहुतेक बोलणंही गाण्यातूनच होतं. जाकोमो पुचिनी हा इटलीतला मोठा ऑपेराकार. त्याचा ‘टोस्का’ हा ऑपेरा १४ जानेवारी १९०० रोजी रोममध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आला आणि आजही जगभर होतो. त्याची गोष्ट आधी थोडक्यात सांगते, कारण तिच्यातला संशय पुढे त्याच्याच घरात शिरला.

टोस्का ही रोममधली नावाजलेली गायिका. तिचा प्रियकर चित्रकार. चर्चमधल्या चित्रात त्याने दुसऱ्याच बाईचा चेहरा रंगवलेला दिसतो आणि हिच्या मनात पाल चुकचुकते. खरं तर तो तुरुंगातून पळालेल्या एका माणसाला लपवत असतो. पोलीसप्रमुख स्कार्पियाला त्याचा संशय येतो. त्या बाईचा चर्चमध्ये राहिलेला हातपंखा तो टोस्काला दाखवतो. बस्स! ती तडक प्रियकराच्या घरी धावते आणि पोलीस तिच्या मागोमाग. पुढे प्रियकराचा छळ, टोस्काच्या हातून स्कार्पियाचा खून, प्रियकराला गोळ्या आणि शेवटी किल्ल्यावरून टोस्काची उडी. एका पंख्यापायी केवढं हे!

पुचिनीचा जन्म १८५८ चा, लुक्का गावचा. वडील गेले तेव्हा तो जेमतेम पाच वर्षांचा. आईने पोरांचा मोठा संसार ओढला, तरी त्याला संगीत शिकायला मिलानला पाठवलंच. पुढे लुक्कातल्याच एल्विराशी त्याचं जुळलं. ती त्याच्याकडे संगीत शिकायची. पण ती लग्नाची, दोन मुलांची आई. ती नवरा सोडून, मुलीला घेऊन त्याच्याकडे आली. मुलगा मागे राहिला. १८८६ मध्ये दोघांना मुलगा झाला. इटलीत घटस्फोटाचा कायदा आला तो थेट १९७० साली, त्यामुळे लग्न करायची सोय नव्हती. गावाने तोंडसुख घेतलं. पहिला नवरा १९०३ मध्ये वारला, तेव्हा कुठे जानेवारी १९०४ मध्ये हे लग्न लागलं.

लग्न झालं, पण एल्विराच्या जिवाला स्वस्थता नव्हती. पुचिनीच्या भानगडी कमी नव्हत्या, म्हणजे तिचा संशय काही हवेतला नव्हता. १९०३ मध्ये मोटार अपघातात त्याचा पाय मोडला. त्या दुखण्यात मदतीला म्हणून तोर्रे देल लागो या तळ्याकाठच्या गावातली डोरिया मानफ्रेदी ही गरिबाघरची तरुण मुलगी कामाला आली आणि तिथेच राहिली. पाच वर्षं तिने घर सांभाळलं. १९०८ मध्ये एल्विराला वाटलं, नवऱ्याचं हिच्याशीच काहीतरी आहे. तिने डोरियाला कामावरून काढलं. तेवढ्यावर थांबली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण ती गावभर तिच्या नावाने बोलत सुटली. पुचिनीने पत्रांतून धीर दिला खरा, पण स्वतः मात्र घरातल्या कटकटीला कंटाळून दूर राहिला.

छोट्या गावात एकदा नाव खराब झालं की काय होतं, ते आपल्याला कोणी सांगायला नको. डोरियाने विष घेतलं. २८ जानेवारी १९०९ रोजी ती गेली. त्यानंतर डॉक्टरांनी तपासणी केली आणि ती कुमारिका असल्याचं निष्पन्न झालं. आपण निर्दोष आहोत हे पटवून द्यायला त्या पोरीला मरावं लागलं हो!

तिच्या घरचे गप्प बसले नाहीत. त्यांनी खटला भरला. कोर्टाने एल्विराला पाच महिने पाच दिवसांची कैद आणि ७०० लिरांचा दंड सुनावला. मग अपील झालं, पुचिनीने १२,००० लिरा देऊन प्रकरण मिटवलं. एल्विराला तुरुंगात जावं लागलं नाही. काही महिने वेगळे राहून नवरा-बायको पुन्हा एकत्रही आले.

मला राहून राहून वाटतं, एल्विरा स्वतः लोकांच्या जिभेने पोळलेली बाई. तिला तरी हे कळायला हवं होतं. पण चुकणारा नवरा आवरता येत नव्हता, श्रीमंत घरच्या बायकांना बोलता येत नव्हतं. समोर सापडली ती मोलकरीण. घरातला राग नेहमी उताराकडेच वाहतो, नाही का? आणि ज्याच्यामुळे हा संशय जन्माला आला, त्याला ना कोर्टाने विचारलं, ना गावाने.

पुचिनीचा शेवटचा ऑपेरा ‘तुरानदोत’. त्यात लिऊ नावाची एक गुलाम मुलगी आहे. ज्याच्यावर तिचं प्रेम, त्याचं नाव उघड होऊ नये म्हणून ती स्वतःचा जीव देते. मूळ नाटकात ही लिऊ नव्हतीच. तिच्यात अनेकांना डोरिया दिसते. ऑपेरा पुरा व्हायच्या आत, २९ नोव्हेंबर १९२४ रोजी घशाच्या कर्करोगाने आजारी असलेला पुचिनी ब्रसेल्समध्ये वारला. दुसऱ्याच्या हातून शेवट लिहून घेतला गेला. पण २५ एप्रिल १९२६ रोजी मिलानला पहिला प्रयोग झाला, तेव्हा संगीत संचालक तोस्कानिनी यांनी लिऊच्या मृत्यूनंतर वाद्यं थांबवली. पुचिनीचं लिखाण तिथेच संपलं होतं. त्या रात्री पुढचं काही वाजलं नाही.