वालचंद हिराचंद

आपल्या नाशिक जिल्ह्यातील रावळगावचा साखर कारखाना ज्यांनी उभारला, त्या वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापूर येथे झाला. जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही वाहने हिंदुस्थानात तयार व्हावीत, हा त्यांचा ध्यास होता. जहाजांची कंपनी १९१९ साली निघाली, विमानांचा कारखाना १९४० साली. मोटारीच्या कामी मात्र परकीय सरकारने साहाय्य केले नाही. तरीही १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि १९४७ साली मुंबईत कुर्ला येथे पहिली मोटार तयार झाली. पण तिच्यावरील नाव अमेरिकेचे! डॉज, प्लिमथ, डिसोटो अशी नावे निरनिराळी, गाडी जवळजवळ एकच. विक्रेत्यांची ही जुनीच रीत आहे.

१९५३ साली वालचंद निवर्तले. पुढे इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही त्या कारखान्याची मुख्य गाडी ठरली. इंजिनाचे आकारमान सुमारे अकराशे घनसेंटीमीटर, म्हणून तो आकडा. तिच्या नव्या पिढीला १९६४ पासून डिलाइट म्हणू लागले. मग तीच गाडी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ साली, वालचंदांच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी, तिला चितोडच्या कथेतील राणीचे नाव मिळाले. मुंबईकरांची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ही पद्मिनी २०२३ पर्यंत धावत होती.