खाणकामगारांच्या श्वासाचा राखणदार

चंद्रपूर, प्रतिनिधी

वर्धा खोऱ्यातील कोळशाने चंद्रपूरला औद्योगिक नकाशावर नेले. मात्र हा कोळसा हवेच्या संपर्कात आतल्या आत तापतो आणि कधी आपोआप पेटतो, हे येथील भूमिगत खाणींत पाळी करणारे कामगार जाणतात. अशा आगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला ना रंग असतो, ना वास. या अदृश्य वैऱ्याचा माग काढणारे शास्त्रज्ञ म्हणजे जॉन स्कॉट हाल्डेन.

हाल्डेन यांचा जन्म १८६० साली एडिंबरा येथे झाला. वैद्यकशास्त्राची पदवी घेतल्यानंतर ते ऑक्सफर्डला शरीरक्रियाशास्त्राच्या संशोधनात रमले. जानेवारी १८९६ मध्ये वेल्समधील टायलर्सटाउन खाणीत स्फोट होऊन ५७ कामगार दगावले. स्फोटाचे बळी दणक्याने किंवा भाजून जातात, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. हाल्डेन स्वतः तेथे गेले व त्यांनी मृतदेह तपासले. अनेकांची कांती गुलाबी होती. बहुतेक जण स्फोटातून वाचले होते. त्यानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साईडने त्यांचा घात केला होता. वेळीच इशारा आणि शुद्ध हवा मिळाली असती, तर त्यांतील कित्येक घरी परतले असते, हाच या निष्कर्षाचा अर्थ होता.

रक्तातील हिमोग्लोबिन हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट पकडते. हा परिणाम मोजण्यासाठी हाल्डेन यांनी प्रयोगशाळेत तो स्वतः हुंगला. लहान प्राण्यांचा श्वसनवेग अधिक असल्याने त्यांना बाधा आधी होते, हे ओळखून त्यांनी उंदीर व छोटे पक्षी खाणीत नेण्याची शिफारस केली. त्यातूनच कॅनरी पक्षी खाणकामगारांचा सोबती बनला. ब्रिटनमध्ये या पक्ष्यांची जागा इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी घेण्याचा निर्णय १९८६ साली झाला.

पुत्र जे. बी. एस. यांनाही त्यांनी बालवयातच खाणीत नेले. छताजवळ साचलेल्या मिथेनमध्ये उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातील भाषण म्हणताना तो मुलगा कोसळला. खाली शुद्ध हवा लाभताच सावरला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो, हा धडा तो आयुष्यभर विसरला नाही. हेच जे. बी. एस. हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात आले, येथील नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले. वडिलांचे निधन १९३६ सालीच झाले होते.

भारतीय नियमांनुसार भूमिगत कोळसा खाणीतील हवेत प्राणवायू किमान १९ टक्के हवा आणि मिथेन कोठेही सव्वा टक्क्याहून अधिक नको. वायू मोजणारी यंत्रे आता आहेत, मोठे पंखेही आहेत. परंतु पंखा बंद पडला अथवा तपासणी केवळ कागदावर उरली, तर किंमत कामगारालाच मोजावी लागते. सव्वाशे वर्षांपूर्वी हाल्डेन यांनी मृतदेहांवरून वाचलेले हे सत्य चंद्रपूरच्या खाणींनाही तितकेच लागू आहे.