ऑटो लोवी: बेडकाच्या हृदयातून उलगडलेले मेंदूच्या औषधांचे कोडे

तुमच्या घरात कुणाला स्मृतिभ्रंशासाठी डोनेपेझिल किंवा रिव्हास्टिग्मिन सुरू आहे का? मग एवढीशी गोळी मेंदूत जाऊन नेमके काय करते, असा प्रश्न तुम्हाला नक्की पडला असेल. त्याचे उत्तर आज आपण देऊ शकतो ते बऱ्याच अंशी ऑटो लोवी या शास्त्रज्ञामुळे. त्यांचे आयुष्य समजून घेतले की गोळीचे कामही सहज समजते.

रुग्णालयातून प्रयोगशाळेकडे

लोवी यांचा जन्म १८७३ मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. डॉक्टर झाल्यावर त्यांनी तिथल्याच रुग्णालयात काम सुरू केले. त्या काळी क्षय आणि न्यूमोनियावर प्रभावी औषध नव्हते. डोळ्यांदेखत रुग्ण दगावत आणि डॉक्टरांच्या हातात काही नसे. हे पाहून त्यांनी रुग्णसेवा सोडली आणि औषधशास्त्राच्या संशोधनाकडे वळले. १९०९ मध्ये ते ऑस्ट्रियातील ग्राझ विद्यापीठात प्राध्यापक झाले.

दोन हृदये, एक द्रव

एका मज्जातंतूचा संदेश पुढच्या पेशीपर्यंत पोहोचतो कसा, यावर तेव्हा वाद होता. तो विजेसारखा थेट जातो, असे बहुतेकांना वाटे. रसायन संदेश नेत असावे, अशी काहींची शंका होती, पण पुरावा नव्हता.

ईस्टरच्या सुमारास एका रात्री लोवींना झोपेत एक प्रयोग सुचला. त्यांनी उठून कागदावर टिपण केले, पण सकाळी स्वतःचेच अक्षर लागेना. पुढच्या रात्री तीच कल्पना पुन्हा सुचली. या वेळी ते तडक प्रयोगशाळेत गेले.

त्यांनी बेडकांची दोन हृदये मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवली. पहिल्या हृदयाची व्हेगस नावाची नस उत्तेजित केल्यावर त्याची गती मंदावली. मग त्याच्याभोवतीचे द्रावण त्यांनी दुसऱ्या हृदयाला दिले. त्याला कुठलीही नस जोडलेली नव्हती, तरी तेही मंदावले. याचा अर्थ, नसेतून एखादे रसायन बाहेर पडले होते. १९२१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. पुढे ते रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन, हे स्पष्ट झाले. अशा संदेशवाहक रसायनांनाच आपण न्यूरोट्रान्समीटर म्हणतो.

१९२६ मध्ये लोवी आणि त्यांच्या सहकाऱ्याने आणखी एक गोष्ट दाखवली. अ‍ॅसिटिलकोलिन काम झाल्यावर शरीरातील एका एन्झाइममुळे लगेच मोडते. फायसोस्टिग्मिन हे औषध त्या एन्झाइमला अडवते आणि मग संदेश जास्त वेळ टिकतो. १९३६ मध्ये लोवी आणि इंग्लंडचे हेन्री डेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

दोन वर्षांतच, १९३८ मध्ये, नाझींनी ऑस्ट्रिया ताब्यात घेतला आणि लोवींना तुरुंगात टाकले. नोबेलची रक्कम नाझींच्या ताब्यातील बँकेत वळती करायला लावून मगच त्यांना देश सोडू दिला. ते आधी बेल्जियम आणि इंग्लंडमध्ये राहिले. १९४० मध्ये ते अमेरिकेत गेले, तिथे शिकवत राहिले आणि १९६१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

अल्झायमरमध्ये मेंदूतील अ‍ॅसिटिलकोलिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. डोनेपेझिल नवीन पेशी तयार करत नाही. जे थोडे रसायन उरले आहे, ते मोडणाऱ्या एन्झाइमला ते अडवते. म्हणूनच आजार बरा होत नाही, पण काही रुग्णांची स्मरणशक्ती आणि रोजची कामे काही काळ सावरतात. फरक दिसायला काही आठवडे लागतात. दोन-चार दिवसांत गुण नाही म्हणून गोळी परस्पर बंद करू नका.

आता बेडकाचे हृदय आठवा. हेच रसायन आपल्याही हृदयाची गती कमी करते. त्यामुळे ही गोळी सुरू असताना चक्कर आली, भोवळ येऊन पडायला झाले किंवा नाडी फार मंद वाटली, तर लगेच डॉक्टरांना कळवा. मळमळ आणि जुलाबही याच कारणाने होऊ शकतात.

दुसरी बाजूही महत्त्वाची आहे. काही औषधे अ‍ॅसिटिलकोलिनचा मार्ग अडवतात. सर्दीच्या अनेक गोळ्यांमधील क्लोरफेनिरामिन, पोटात मुरडा आल्यावर घेतले जाणारे डायसायक्लोमिन, लघवीच्या घाईसाठीचे ऑक्सिब्युटिनिन आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही त्यातली काही. ज्येष्ठांमध्ये यांनी गोंधळलेपणा वाढू शकतो, आणि डोनेपेझिलसोबत घेतल्यास एक औषध संदेश टिकवते तर दुसरे तोच रोखते.

फवारणीच्या काही कीटकनाशकांमुळेही हेच एन्झाइम बंद पडते, पण तिथे परिणाम जीवघेणा होतो. तोंडाला लाळ, दरदरून घाम, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, धाप, उलट्या अशी लक्षणे फवारणीनंतर दिसली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णाला तातडीने दवाखान्यात न्या. तिथे दिले जाणारे अ‍ॅट्रोपिन हे इंजेक्शन अ‍ॅसिटिलकोलिनचा हा अतिरेक रोखते.

पुढच्या तपासणीला जाताना घरातील ज्येष्ठ घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून न्या. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या सर्दीच्या आणि पोटाच्या गोळ्याही त्यात असू द्या. कुठली गोळी कुठल्या गोळीच्या विरोधात काम करते आहे, हे डॉक्टरांना त्यातूनच कळेल.