हमीद सयानी : जाहिरातीच्या पैशातून ज्ञानाची शिदोरी

वाचकहो, सयानी हे नाव कानी पडताच आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींना बुधवारची रात्र आठवेल. आठाचे ठोके पडत, रेडिओची सुई पंचवीस किंवा एकेचाळीस मीटरवर स्थिर केली जाई आणि सिलोनहून बिनाका गीतमाला सुरू होई. तो आवाज अमीन सयानी यांचा. त्यांचे 2024 साली निधन झाले तेव्हा साऱ्या देशाने हळहळ व्यक्त केली. परंतु ज्या थोरल्या भावाने त्यांना बोट धरून माइकपुढे नेले, त्या हमीद सयानी यांचे नाव आज किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? त्यांना जाऊन आता कित्येक वर्षे लोटली. खेळणा-पूर्णेच्या संगमावर वसलेल्या आपल्या गावातील मुलामुलींना त्यांची ओळख करून द्यावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

हमीद यांचे कार्य समजून घ्यायचे तर प्रथम त्यांच्या मातोश्रींची ओळख करून घ्यावी लागेल. कुलसुम सयानी या प्रौढशिक्षणाच्या क्षेत्रातील थोर कार्यकर्त्या. मुंबईतील पडदानशीन स्त्रिया शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळेनेच त्यांच्या दारी गेले पाहिजे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. शिक्षिकांना बरोबर घेऊन त्यांनी घरोघरी वर्ग चालविले. गांधीजींच्या प्रेरणेने 1940 साली त्यांनी ‘रहबर’ हे पाक्षिक सुरू केले. त्याची भाषा एकच, साधी हिंदुस्तानी. परंतु ती देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत छापली जाई. नुकतेच अक्षर ओळखू लागलेल्या वाचकाला समजेल तेच लिहायचे, अवघड शब्द काढून टाकायचा, हा त्या पाक्षिकाचा दंडक होता. हे काम 1960 पर्यंत, म्हणजे 20 वर्षे चालले. पुढे 1969 साली त्यांना नेहरू साक्षरता पुरस्कार मिळाला.

अशा घरातील थोरला मुलगा जाहिरातींच्या व्यवसायात जातो, हे प्रथमदर्शनी आपल्याला थोडे चमत्कारिक वाटेल. आई विनामोबदला अक्षरे वाटते आणि मुलगा आवाजाच्या बळावर साबण, दंतमंजन खपवितो! परंतु थोडे थांबा. हा मुलगा काय करून गेला ते पाहू आणि मगच निकाल देऊ.

हमीद यांनी आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर इंग्रजी निवेदक म्हणून नाव मिळविले. धाकटा अमीन शाळकरी वयाचा असतानाच ते त्याला केंद्रावर घेऊन गेले. रंगभूमीची आवड त्यांना होती आणि जादूच्या प्रयोगांचा तर नादच होता. भारतीय जादूगारांच्या स्पर्धेत त्यांच्या नावाचा चषक पुढे दिला जाऊ लागला. समोरच्याचे लक्ष क्षणभरही ढळू द्यायचे नाही, ही जादूगाराची पहिली विद्या. निवेदकालाही तीच लागते. फरक इतकाच की त्याला आपले हात दाखविता येत नाहीत, सारा खेळ आवाजावरच करावा लागतो.

याच सुमारास रेडिओच्या जगात मोठी उलथापालथ झाली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेले शक्तिशाली प्रक्षेपक सिलोनच्या हाती आले होते. त्यांच्या जोरावर रेडिओ सिलोनने व्यापारी विभाग सुरू केला. इकडे 1952 साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. त्यांचा हेतू शास्त्रीय संगीताच्या उत्कर्षाचा होता; परंतु श्रोते सिलोनकडे वळले आणि त्यांच्यामागोमाग जाहिरातदारही वळले.

या व्यवसायाची रीत मोठी मौजेची होती. माल विकणारी कंपनी वेळ विकत घेई, कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होत, फिती विमानाने कोलंबोला जात आणि तेथून ते गाणे, तो आवाज पुन्हा भारतातल्या खेड्यापाड्यांत उतरे. मुंबईत ही निर्मिती करणाऱ्यांमध्ये हमीद सयानी हे अग्रणी होते. जाहिरातदाराला काय हवे आणि श्रोत्याला काय रुचते, या दोहोंची सांगड घालणे हे त्यांचे काम.

धाकट्या भावाच्या बाबतीत त्यांनी काय केले, ते विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. अमीन यांनी आकाशवाणीवर हिंदी निवेदकाच्या जागेसाठी प्रयत्न केला, तेव्हा त्यांच्या उच्चारांवर गुजराती आणि इंग्रजीची छाप आहे म्हणून नकार मिळाला. हमीद यांनी भावासाठी कोणाकडे रदबदली करण्याऐवजी त्याला अभ्यासाची वाट दाखविली. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या तंत्रसंस्थेत सिलोनसाठी हिंदी कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण होत असे. तेथे जाऊन बस, ऐक आणि शीक, असा सल्ला त्यांनी दिला. अमीन तेथे श्रोत्यांत बसू लागले आणि एके दिवशी निर्मात्याने त्यांनाच जाहिरात वाचावयास बोलाविले. 1952 च्या डिसेंबरात बिनाका गीतमाला सुरू करायची ठरली. आठवड्याला अवघे 25 रुपये. त्यात लेखन, निवेदन आणि पत्रांची मोजदादही आली. अनुभवी माणूस कोण तयार होणार? ते काम नवख्या अमीनकडे आले. पहिल्याच खेपेला पाऊणशे-शंभर नव्हे, तर नऊ हजार पत्रे आली. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे.

स्वतः हमीद यांचे नाव मात्र एका वेगळ्याच कार्यक्रमाशी कायमचे जोडले गेले. 1972 साली बोर्नव्हिटा प्रश्नमंजूषा सुरू झाली. पैसा पुन्हा एका पेयाच्या कंपनीचाच होता. परंतु समोर होती शाळाशाळांतील मुले, आणि खेळ होता सामान्यज्ञानाचा. हमीद प्रश्न विचारीत आणि घरोघरची मुले रेडिओपुढे बसून, स्पर्धकाच्या आधी उत्तर देण्याची धडपड करीत. ज्या घरात ज्ञानकोश नव्हता, तेथेही इतिहास, भूगोल, विज्ञान आणि खेळ यांचे तुकडे जाऊन पडू लागले. इंग्रजी न येणारी मुले मात्र या खेळाच्या बाहेर राहिली, ही त्याची उणीवही नमूद केली पाहिजे. आईचे तीन लिप्यांतले पाक्षिक जेथवर पोहोचले, तेथवर मुलाची प्रश्नमंजूषा पोहोचली नाही.

दुर्दैवाने 1975 सालीच हमीद सयानी यांचे निधन झाले. अवघी तीन वर्षे त्यांना मिळाली. धाकट्या भावाने ती धुरा उचलली आणि प्रश्नमंजूषा चालू ठेवली. 1990 च्या दशकात ती दूरचित्रवाणीवर आली. तेव्हा तिचे सूत्रसंचालन करणारे डेरेक ओब्रायन हेही जाहिरातक्षेत्रातूनच आले होते. ओगिल्वी या संस्थेत त्यांनी काम केले होते. जाहिरातीतून ज्ञानाच्या खेळाकडे जाणारी वाट हमीद यांनी आधीच मळून ठेविली होती. माणूस गेला, माध्यम बदलले, तरी प्रश्न विचारण्याचा तो रिवाज टिकला.

आता मघाचा निकाल देऊ या. जाहिरातदाराचे ध्येय विक्री हेच असते, आणि हमीद सयानी यांनी ते कधी झाकून ठेविले नाही. पण त्याच पैशाने विकत घेतलेल्या वेळेत काय भरायचे, हे ठरविणे काही अंशी त्यांच्या हाती होते. तेथे त्यांनी मुलांची जिज्ञासा भरली. आईने घरोघरी जाऊन जे केले, त्याचाच एक धागा मुलाच्या हातून वेगळ्या मार्गाने पुढे गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

वाचकहो, आज आपल्या मुलांच्या हातात मोबाइल आहे आणि त्यातून जाहिरातींचा पाऊस अखंड पडतो आहे. तो थांबविणे आपल्या हाती नाही. परंतु वर्गात, घरात, दर आठवड्याला एक तास प्रश्नोत्तरांचा ठेवणे आपल्या हाती आहे, आणि तोही मराठीत व उर्दूत, म्हणजे कोणीच बाहेर राहणार नाही. त्यासाठी कोणा कंपनीच्या पैशाची गरज नाही; फळा, खडू आणि प्रश्न विचारणारा एक उत्साही आवाज पुरेसा आहे.