मुसी नदीनं हैदराबाद बुडवलं आणि विश्वेश्वरय्यांनी आधी फुटलेली तळी मोजली

गोष्ट आहे १९०८ सालची. जळकोट, उदगीर, नांदेड हा सगळा पट्टा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. २८ सप्टेंबरला राजधानीतल्या मुसी नदीला महापूर आला. पूल गेले, वस्त्याच्या वस्त्या वाहून गेल्या. अंदाजे १५ हजार माणसं दगावली असं मानलं जातं.

शहर पुन्हा उभं करायचं होतं. पण पुढच्या पावसाळ्यात नदी परत आत शिरली तर? या प्रश्नासाठी निजाम सरकारनं एका निवृत्त इंजिनिअरला बोलावणं धाडलं. ते होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

कोण होते विश्वेश्वरय्या?

जन्म १८६१ चा, म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचा. वडील लवकर गेले. शिकवण्या घेत त्यांनी बंगळूरमध्ये बीए केलं आणि मग पुण्याच्या सायन्स कॉलेजातून इंजिनिअरिंग. १८८४ ला मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि नाशिक, धुळे, पुणे असा महाराष्ट्र पालथा घातला. खडकवासल्याला त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, त्यामुळे धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी साठवता आलं.

१९०८ ला त्यांनी स्वतःहून नोकरी सोडली आणि परदेश दौऱ्यावर गेले. हैदराबादचा निरोप तिथेच पोहोचला. दौरा आटोपून एप्रिल १९०९ मध्ये ते कामावर हजर झाले.

काम नेमकं किती?

आजच्या प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये ज्याला स्कोप म्हणतात, तो इथे आधीच ठरला होता. कामं तीन : शहराच्या उभारणीला मदत, पुरापासून कायमचं संरक्षण आणि सांडपाण्याची संपूर्ण योजना. तिन्ही कामं एकमेकांत गुंतलेली. पूर कुठवर येणार हे कळल्याशिवाय घरं कुठे बांधायची आणि गटारं कुठून न्यायची, हे ठरणारच नव्हतं. म्हणून पुराचा प्रश्न आधी घेतला गेला.

माहिती कुठून आणायची?

खरी अडचण इथे होती. असा पूर पुन्हा येईल का, हे सांगायला पावसाच्या जुन्या नोंदी हव्यात आणि संस्थानात त्या पुरेशा नव्हत्या. मग शेजारच्या मुंबई आणि मद्रास इलाख्यांतले आकडे मागवून ताडून पाहिले गेले.

सोबत मुसीच्या पाणलोट क्षेत्राची पाहणी झाली. शमशाबादला २४ तासांत १२.८ इंच पाऊस झाला होता. पण नुसत्या पावसानं शहर बुडालं नव्हतं. वरच्या भागात ७८८ तळी होती आणि त्यातली २२१ फुटली होती. वरचं तळं फुटलं की त्याचं पाणी खालच्या तळ्यावर आदळायचं, मग तेही जायचं. मराठवाड्यात ज्यांनी गावचा तलाव फुटलेला पाहिलाय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आकड्यांनी काय ठरवलं?

पुराचा जोर सुमारे सव्वाचार लाख क्युसेक निघाला. एवढं पाणी शहरातून सुखरूप न्यायचं तर नुसते काठ उंच करून भागणार नव्हतं. पाणी शहराच्या वरच अडवायला हवं होतं. म्हणून मुसी आणि तिची उपनदी ईसी, दोन्हींवर एकेक मोठा जलाशय सुचवला गेला. शहरातले नदीकाठ उंच करून तिथे बागा आणि रस्ते करायचे, हा सोबतचा भाग.

१९०९ च्या ऑक्टोबरमध्ये अहवाल तयार झाला. म्हणजे सगळी आकडेमोड जेमतेम सहा महिन्यांत आटोपली.

पुढे काय झालं?

नोव्हेंबरमध्ये विश्वेश्वरय्या म्हैसूरचे चीफ इंजिनिअर म्हणून निघून गेले. पण योजना माणसासोबत गेली नाही. कारणं, आकडे, जागा, सगळं कागदावर होतं आणि त्यावरून मागच्या इंजिनिअरांना काम करता आलं. मुसीवरचं धरण १९२० ला पूर्ण झालं, ईसीवरचं १९२७ ला. पूर अडवायला बांधलेल्या या तलावांनी पुढे हैदराबादची तहानही भागवली.

सांडपाण्याचं काम मात्र मागे पडलं होतं. त्यासाठी १९२२ मध्ये त्यांना पुन्हा हैदराबादला यावं लागलं.

१९५५ ला त्यांना भारतरत्न मिळालं आणि १९६२ ला शंभरी ओलांडून त्यांचं निधन झालं. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, आज अभियंता दिन म्हणून साजरा होतो. तलावांना मात्र निजाम आणि त्याच्या मुलाची नावं आहेत : उस्मानसागर आणि हिमायतसागर.