लिस्बनवर चाल करून आलेला सेनापती

गोमंतकाच्या पारतंत्र्याची कहाणी सांगताना सालाझारचे नाव प्रथम येते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच्यासाठी सत्तेचे दार ज्याने उघडले, त्या जनरल मानुएल गोमिश द कॉस्ता यांचे स्मरण सहसा कोणी करीत नाही.

१८६३ साली लिस्बन येथे जन्मलेल्या या सैनिकाची उमेद हिंदुस्थान, मोझांबिक, अंगोला अशा वसाहतींत गेली. ९ एप्रिल १९१८ रोजी फ्लँडर्समध्ये लिस नदीच्या परिसरात जर्मनांनी हल्ला चढविला, तेव्हा आघाडीवर त्यांचीच डिव्हिजन होती. महिनोन्महिने खंदकांत खितपत पडलेल्या, मायदेशाहून कुमक न मिळालेल्या त्या पलटणींची काही तासांत दाणादाण उडाली. हजारो सैनिक कैद झाले. या नामुष्कीचा दोष आम्ही सेनापतीपेक्षा लिस्बनच्या राज्यकर्त्यांनाच अधिक देऊ. जनरलसाहेबांची कीर्ती मात्र उणावली नाही.

१९१० च्या प्रजासत्ताकाने सोळा वर्षांत पंचेचाळीस मंत्रिमंडळे पाहिली. लोक विटले होते, हे खरे. पण याच प्रजासत्ताकाने गोव्यातील हिंदूंना समान नागरिकत्व आणि वृत्तपत्रांना मोकळा श्वास दिला होता, हे आम्ही कसे विसरावे? २८ मे १९२६ रोजी गोमिश द कॉस्ता यांनी ब्राग शहरी बंडाचे निशाण उभारले आणि ६ जूनला हजारो सैनिकांनिशी ते लिस्बनमध्ये वाजतगाजत शिरले. राजधानी जिंकणे सोपे ठरले. पुढे करावयाचे काय, याचा आराखडा त्यांच्यापाशी नव्हता. १७ जूनला त्यांनी सहकारी काबेसादश यांना दूर सारून सत्ता हाती घेतली. जेमतेम तीन आठवड्यांनी, ९ जुलैला, जनरल कार्मोना आदींनी त्यांनाच पदच्युत करून अझोर्स बेटांवर धाडले. वर मार्शलपद बहाल केले! त्याच जून महिन्यात कोइंब्राचा एक प्राध्यापक अर्थमंत्री म्हणून आला आणि काही दिवसांतच परत गेला. १९२८ मध्ये तो पुन्हा आला, तो कायमचाच.

१९२७ साली मायदेशी परतलेले मार्शल १७ डिसेंबर १९२९ रोजी लिस्बनमध्ये वारले. पुढील जुलैत सालाझारचा वसाहत कायदा निघाला, आणि त्याच वर्षी लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी गोव्याच्या सरकारी मंडळात त्याविरुद्ध ठराव मांडला.