झां बातिस्त बुसँगो

रोप मातीवांचून वाढवावयाचें तर तें कशांत उभें करावें, या प्रश्नाचा शास्त्रीय विचार प्रथम ज्यांनीं केला त्यांत फ्रेंच रसायनवेत्ते बुसँगो यांची गणना होते. त्यांचें चरित्र आम्ही थोडक्यांत देत आहों.

पॅरिस येथें जन्मलेले बुसँगो तरुणपणीं दक्षिण अमेरिकेंत गेले. तेथें १८३१ सालीं ते चिंबोराझो पर्वतावर बरेच उंच चढले. स्वदेशीं परतल्यावर आल्सासमधील पेशेलब्रॉन येथें सासरच्या शेतावर त्यांनीं प्रयोग आरंभिले.

झाडाचें अन्न ओळखावयाचें तर ज्यांत तें लावावयाचें त्या पदार्थांत अन्नाचा अंशही नसावा, हें त्यांनीं जाणलें. म्हणून ते रेती भाजून शुद्ध करीत. रेतीनें मुळांस आधार द्यावा व क्षार त्यांनीं मोजून घालावे, अशी ही योजना होती. सोरा घातला कीं सूर्यफूल जोमानें वाढे. न घातला तर खुरटे.

१८३८ सालीं क्लोव्हरमध्यें नत्र वाढलेलें त्यांस आढळलें होतें. पुढें भाजलेल्या रेतींत, बंद भांड्यांत, द्विदल रोपांतही तें वाढेना. तेव्हां हवेंतील नत्र झाडांस घेतां येत नाहीं असें त्यांनीं ठरविलें. १८८६ सालीं जर्मनींत हेलरीगेल यांनीं द्विदलांच्या मुळांवरील गांठींतले सूक्ष्म जंतू तें कार्य करितात असें दाखविलें. बुसँगोंच्या रेतींतील जंतू तर भाजण्यांतच मेले होते!

१८८७ सालीं ते निवर्तले. आमच्या विद्यार्थ्यांनीं प्रयोग करितांना काय घेतलें याबरोबर काय काढून टाकलें, हेंही वहींत लिहावें.